रायफलला काय लावायचं

आमच्या रेंजवर नवं पोर दाखल झालं की त्याच्या आई-वडिलांना मी बरीच वर्षं एकच गोष्ट ठणकावून सांगत आले. रायफल कंपनीतून जशी आली तशीच राहू द्या. तिला वरून काही लावायचं नाही. निळी-लाल आयरिस नको, नळीच्या टोकाला वजनं नकोत, निराळ्या कंपनीची बट प्लेट नको, आणि पुढे बसवायची ती लांबलचक ट्यूब तर मुळीच नको. हात सैल सोडायचाच असेल तर छऱ्यांचे डबे घ्या, असं म्हणून मी विषय संपवायचे. हल्ली मी तसं सांगत नाही. काही मुलांच्या बाबतीत तर मीच आई-वडिलांना बसवून घेऊन सांगते की हे दोन भाग लागतील, आणि लवकर लागतील. ज्यांनी माझं आधीचं व्याख्यान ऐकलंय त्यांना ही कोलांटउडी वाटते. एका जुन्या विद्यार्थ्याने तर तोंडावरच विचारलं, "मॅडम, कुठल्या दुकानदाराने कमिशन लावलं का?" नाही लावलं. पण मत बदललंय हे खरं, आणि ते कशाकशाने बदललं हे एकदा सरळ सांगून टाकावंसं वाटतं.

जुन्या मताला काही आधार नव्हता असं नाही. मी नेमबाजी शिकले ती एनसीसीत. .22 ची रायफल, पोटावर झोपून मारायचं, 25 यार्डांवर लक्ष्य. पाच गोळ्यांचा ग्रुप किती लहान येतो यावर सगळी इभ्रत. रायफलला नंबर असायचा, मालक नसायचा. आज एक मिळाली तर पुढच्या परेडला कोणती मिळेल हे सांगता यायचं नाही. दस्ता लांब पडतो की आखूड, गाल नीट टेकतो की नाही, असलं काही विचारायची सोयच नव्हती. विचारलं असतं तर उस्तादांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. त्या शिस्तीत एक गोष्ट हाडात मुरली. रायफल बदलत नाही, आपण स्वतःला तिच्याभोवती बसवायचं.

शिवाय डोळ्यांसमोर मुंबईची पिढी होती. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली अंजली भागवत, दीपाली देशपांडे, सुमा शिरूर घडल्या. अंजलीताईही एनसीसीतूनच आलेल्या. आजची पोरं सुरुवातीलाच जे मागतात त्यातलं बरंचसं त्या काळात इथे बघायलाही मिळत नव्हतं, आणि तरी अंजलीताई 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या होत्या. सुमाताईंनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 मारले. पाठीशी असले दाखले असले की माणूस ठाम बोलतो. मीही बोलायचे.

आणि यंत्राच्या बाजूनेही माझं म्हणणं पक्कं होतं. 10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की दहा. आता कुठलीही बरी मॅच रायफल घ्या, फाइनवर्कबाऊ असो, वाल्थर असो नाहीतर आन्शुट्झ. ती व्हाइसमध्ये आवळून, तिला मानवणाऱ्या छऱ्यांनी मारली की एकामागून एक छर्रा त्या अडीच मिलिमीटरच्या कितीतरी आत जातो. म्हणजे नळी आधीपासूनच आपल्यापेक्षा हुशार आहे. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात नळीचं टोक इकडच्या आठापासून तिकडच्या आठापर्यंत डुलत असताना त्याच्या रायफलला आणखी हुशार करून उपयोग काय? हा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. फक्त जे काही लावायचं ते सगळं नळीला हुशार करण्यासाठीच असतं, असं मी धरून चालले होते. तसं ते नसतं. हे ध्यानात आलं एका मुलीमुळे.

मुलगी तेरा वर्षांची, चणीने लहान, कष्टाळू. क्लबच्या जुन्या लाकडी दस्त्याच्या रायफलवर सराव करायची. तिचे पहिले वीस-पंचवीस शॉट्स नजर लागावी असे जायचे आणि मग उतरण लागायची. आम्ही त्याला स्टॅमिना म्हणत होतो, कधी एकाग्रता म्हणत होतो. रेंजवर हे दोन शब्द फार सोयीचे आहेत, कारण त्यांच्यामुळे शिकवणाऱ्याला पुढचं काही बघावं लागत नाही. तिला प्लँक करायला लावलं, डोळे मिटून श्वास मोजायला लावला. घरी बदाम द्या, हेही सांगून झालं.

उभ्या स्थितीत रायफल धरतात कशी हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो. कोपरापासून मुठीपर्यंतचं हाड खांबासारखं उभं राहतं आणि रायफलचं वजन त्या खांबावरून थेट कमरेत, तिथून पायांत उतरतं. दंडाच्या स्नायूंनी काही करायचंच नाही, हे त्या स्थितीचं सगळं रहस्य. स्नायू थरथरतो, हाड थरथरत नाही. मात्र त्यासाठी कमरेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्या खांबाने आणि रायफलच्या उंचीने मिळून भरून निघायला हवं. ज्याचा हात धडाच्या मानाने आखूड, त्याचं ते भरून निघत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर कोपर कमरेवरून उचलायचा, म्हणजे सगळं वजन दंडावर आलं. नाहीतर मान खाली घालून डोळा साइटपर्यंत न्यायचा.

ती पोरगी दोन्ही करत होती. सुरुवातीला कोपर उचलायची, दंड भरून आला की कोपर टेकवायची आणि मान घालायची. मान झुकली की डोळा भुवईखालून वर बघतो, लवकर शिणतो, आणि तोल सांभाळणारी कानातली यंत्रणाही डोक्याबरोबर तिरकी होते. एकाच सामन्यात ती दोन वेगवेगळ्या शरीरांनी मारत होती आणि आम्ही तिला मन एकाग्र कर म्हणत होतो.

हे मला दिसलं ते स्कॅटमुळे. नळीला एक सेन्सर लावतात आणि शॉट सुटण्याआधी नेम लक्ष्यावर कसा फिरत होता त्याची रेघ संगणकावर उमटते. आम्ही तो संच दुसऱ्या क्लबकडून मागून आणला होता, तो खरं तर मोठ्या मुलांसाठी. तिच्या रेघा बघताना लक्षात आलं की उत्तरार्धात तिचा नेम आडवा नाही, उभा हलतोय, आणि प्रत्येक वेळी खालून वर येतोय. मनाची चलबिचल असती तर रेघ चारी बाजूंना फिरली असती. ही तर सरळ ओझं उचलणाऱ्याची रेघ होती.

उपाय म्हणून काय केलं, तर गावातल्या सुतारकाकांकडून सागवानाचा एक ठोकळा करून घेतला आणि तो दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, जिथे डावी मूठ येते तिथे, स्क्रूने बसवला. नियमात खोलीची मर्यादा असते, ती मोजून त्यात बसेल असा. रायफल मुठीपासून वर उचलली गेली, कोपर कमरेवर टेकला, मान सरळ झाली. पण एवढ्याने भागलं नाही. रायफल वर गेली म्हणजे दस्त्याचं मागचं टोकही वर गेलं आणि खांद्याच्या खोबणीतून निसटायला लागलं. म्हणजे बट प्लेट खाली सरकायला हवी. जुन्या दस्त्यावरची प्लेट जेमतेम सरकत होती. तेव्हा जास्त खाली येणारी, तिरकी करता येणारी प्लेट आली. प्लेट बदलल्यावर गाल टेकायची जागा बदलली, मग चीक पीस आला. वरून काही लावायचं नाही असं मी ठणकावत होते, आणि तशाच तीन गोष्टी एका मुलीसाठी ओळीने आल्या आणि त्यातली एकही शोभेची नव्हती.

तिचे आकडे दुसऱ्या दिवशी उडी मारून वर गेले नाहीत. उलट काही दिवस घसरले, कारण शरीराला नवी जागा ओळखीची व्हायला वेळ लागतो. पण उतरण हळूहळू थांबली. शेवटचे वीस शॉट्स पहिल्या वीसांसारखे दिसायला लागले. आणि कंबर दुखते असं ती घरी सांगायची, हे मला तिच्या आईकडून तेव्हा कळलं, दुखणं थांबल्यावर.

यानंतर मी रेंजवर वेगळ्या नजरेने बघायला लागले. या रायफली मुख्यतः जर्मनीत तयार होतात, आणि क्लबांकडे असलेले जुने दस्ते बहुतेक एका मापाच्या प्रौढ पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले. त्यांच्यात सरकवायला जागा असते, पण थोडीच. आमच्याकडे येतात अकरा-बारा वर्षांची मुलं, त्यात मुली बऱ्याच. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी रायफल घेता येत नाही. आज बसली पाहिजे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवता आली पाहिजे. ॲल्युमिनियमच्या नव्या दस्त्यांत ही सोय भरपूर असते, पण त्यांच्या किमती आमच्या क्लबच्या कुवतीबाहेर. म्हणजे वरून लावायचे भाग ही श्रीमंतांची हौस, हे माझं म्हणणं निम्मं उलटं होतं. ज्याच्याकडे लाखांची अद्ययावत रायफल आहे त्याला वरून फारसं काही लागतच नाही. लागतं ते क्लबच्या जुन्या रायफलवर मारणाऱ्या लहान चणीच्या पोराला.

गंमत म्हणजे, काही लावायचं नाही असं मी म्हणत होते त्या सगळ्या काळात आमच्या दस्त्यांवर चिकटपट्टीने फेल्टचे तुकडे डकवलेले होतेच. कुणी रेक्झिन लावलेलं, कुणी गालाखाली पुठ्ठ्याच्या घड्या. ते मला चालायचं, कारण ते फुकटात होत होतं आणि दिसायला ओबडधोबड होतं. ओबडधोबडपणाला आपल्याकडे साधेपणा समजतात. आणि जॅकेटचं काय? कॅनव्हास आणि चामड्याचं ते जाड, ताठ जॅकेट नेमबाजाची पाठ अक्षरशः उभी धरून ठेवतं. कापडाची जाडी 2.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा नियम आंतरराष्ट्रीय महासंघाला करावा लागला, तो काही उगाच नाही. त्या जॅकेटला मी कधी आक्षेप घेतला नाही. ते घालून बट प्लेटला आक्षेप घेणं जरा अवघडच.

मत बदलायला लावणारी दुसरी गोष्ट बाहेरून आली. 2013 पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांशात गुण धरायला लागले. त्याआधी 10.0 आणि 10.9 दोन्हींचे दहाच. सुमाताईंच्या त्या 400 च्या वर जायला जागाच नव्हती, लक्ष्याचं छत तिथे संपत होतं. आता छत 654.0 वर गेलं. शॉट्सही आता साठ, प्रत्येकी जास्तीत जास्त 10.9. दशांशाची एक पायरी म्हणजे पाव मिलिमीटर. प्रत्येक शॉटमागे ही एक पायरी मिळाली तर सामन्यात सहा गुण होतात, आणि सहा गुणांत पहिला आणि तिसावा यांच्यातलं अंतर सहज मावतं. जुन्या पद्धतीत जे पुसलं जायचं ते आता कागदावर उमटतं. पूर्वी गाल थोडा इकडे-तिकडे पडला तरी दहा तो दहाच. माझं मत ज्या काळात घडलं त्या काळाच्या हिशोबाला ते धरून होतं. हिशोबाची रीतच बदलली.

यात 50 मीटर थ्री पोझिशनचा उल्लेख न करणं बरोबर नाही, विशेषतः आमच्या बाजूला. 2024 साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 451.4 गुणांसह ब्राँझ जिंकलं, ते या प्रकारात. मार्गदर्शक दीपाली देशपांडे. गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून मारायचं, आणि दर वेळी बट प्लेट, चीक पीस, हँड स्टॉप, साइटची उंची बदलायची, तीही घड्याळ चालू असताना. नेमबाजांच्या वह्यांत त्या खुणांचे आकडे असतात. तो सामना टीव्हीवर दाखवताना समालोचक मनाच्या ताकदीबद्दल बोलत राहतात, आणि मनाची ताकद आहेच. पण पडद्यावर तो माणूस ॲलन की घेऊन काहीतरी करत असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या मुलांना त्या पदकानंतर रेंजवर यावंसं वाटलं. त्यांना पदकामागची ॲलन कीसुद्धा दाखवायला हवी.

डोळ्याच्या बाबतीत माझं मन अर्धंच वळलंय. मागच्या साइटमधलं छिद्र लहान-मोठं करता येतं ती आयरिस. चाळिशीनंतर मला पुढची रिंग पुसट दिसायला लागली, तेव्हा मी स्वतः ती लावली. छिद्र बारीक केलं की रिंग आणि काळं वर्तुळ दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक केल्यावर जे होतं तेच हे. माझ्यासाठी ती खरोखर कामाची निघाली. पण पंधरा वर्षांच्या पोराच्या डोळ्याला ही अडचणच नसते. त्याच्या हातात आयरिस दिली की तो खेळत बसतो. एक शॉट नऊ गेला, छिद्र बारीक कर. पुन्हा नऊ गेला, पिवळा फिल्टर लाव. पुन्हा गेला, राखाडी लाव. चूक कुठे झाली हे शोधायचं सोडून तो रंग शोधतो. तेव्हा मुलांना आयरिस द्यायची ती एका ठरावीक आकड्यावर ठेवून, आणि सामन्यात तिला हात लावायचा नाही या अटीवर.

त्यातही एक खोच आहे. आमच्या रेंजला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारी लक्ष्य झगझगीत, साडेपाचनंतर मळकट. नियमाप्रमाणे 10 मीटरच्या लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड हवा. गावोगावच्या किती रेंजवर तो असतो हे ज्याने त्याने आपल्या रेंजवर जाऊन बघावं. फोनमधल्या ॲपनेही अंदाज येतो. आमच्याकडे तो नव्हता. पालक वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर आणत होते आणि खरी गरज होती लक्ष्यावर दोन नीट दिव्यांची आणि खिडकीला पडद्याची. तो खर्च सगळ्यांत मिळून एका आयरिसपेक्षा कमी आला.

वजनांबद्दल आणि ट्यूबबद्दल मात्र मी जिथे होते तिथेच आहे, निदान लहान मुलांपुरती. वजनं लावायचं कारण खोटं नाही. नळीच्या टोकाशी वजन असलं की टोक संथ हलतं, झटके कमी दिसतात. ट्यूबने दोन साइट्समधलं अंतर वाढतं, त्यामुळे नेमातला बारीक फरक जास्त स्पष्ट कळतो, हेही खरं. पण सगळं मिळून साडेपाच किलोपर्यंतची रायफल नियमात बसते, म्हणून ती साडेपाच किलोची असलीच पाहिजे असं नाही. उभ्या स्थितीत पाठ मागे कललेली आणि पिळलेली असते. पुढे टाकलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई मणका आणखी मागे जाऊन करतो. अठरा-वीस वर्षांच्या, व्यायाम करणाऱ्या मुलाने थोडं थोडं वजन लावून बघावं, वहीत नोंद ठेवावी. तेरा वर्षांच्या पोरीच्या रायफलला वजन लावलेलं दिसलं तर मी ते काढून माझ्या खणात टाकते. कुणी काही म्हणो.

लावलेली प्रत्येक वस्तू सैलही होऊ शकते, पडूही शकते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. अभिनव बिंद्रासारखा माणूस, 2008 चा बीजिंगचा सुवर्णविजेता, सामग्रीच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ. 2016 ला रिओमध्ये सामन्याच्या थोडं आधी त्याच्या रायफलची साइट पडून तुटली. त्या दिवशी तो चौथा आला. त्या तुटण्यामुळेच पदक हुकलं असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण पर्यायी साइट आधीच मारून तपासलेली असावी, एवढं तरी त्यातून प्रत्येक क्लबने घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे मुलं साइटवर निळ्या गुंड्या बसवतात आणि तिचा स्क्रू महिनोन्महिने आवळत नाहीत. हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते, तारीख त्याच्यावर कोरलेली असते. कुणी वाचत नाही. एका पालकांनी हौसेने स्पिरिट लेव्हल आणली होती, रायफल तिरकी होते का ते बघायला. 10 मीटर एअर रायफलमध्ये ती चालतच नाही. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि मला विचारलं नव्हतं.

विकणाऱ्यांबद्दल तक्रार करून फायदा नाही. 4.5 मिलिमीटरची, वीस जूलच्या आतली एअर रायफल बिनापरवाना घेता येते, तेव्हा तिचे भागही मोबाइलवर भाजीसारखे मागवता येतात. पालकांचंही मी समजू शकते. मुलगा अडकलाय, मॅडम म्हणतात वेळ द्या, आणि फोनवर एक वस्तू दिसतेय जी तीन दिवसांत घरी येईल. वेळ विकत मिळत नाही, वस्तू मिळते. मी पूर्वी अशा पालकांशी वाद घालायचे. आता त्यांना म्हणते, ठीक आहे, पण आधी मुलाला माझ्याकडे आणा, रायफल उचलून उभं करू, कोपर कुठे येतो, मान कुठे जाते ते तुम्हीच बघा. निम्म्या वेळा जे हवं असतं ते आमच्या खणातच असतं. उरलेल्यांत बऱ्याचदा सुतारकाकांचं काम निघतं. काही वेळा खरोखरच परदेशी बट प्लेट लागते, आणि मग मी ती घ्या म्हणून स्पष्ट सांगते, महाग असली तरी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सामन्याच्या तोंडावर काहीही नाही. या दोन बाबतींत मी हटत नाही.

ओपन साइटवर, साध्या स्प्रिंगच्या रायफलने सुरुवात करणाऱ्या मुलांना हे सगळं लागू नाही. त्या रायफलींचा दस्ता कापून आखूड करता येतो तेवढा करावा आणि मारत राहावं. तिथे छर्रे हाच खर्च.

गेल्या बैठकीत क्लबच्या समितीपुढे मी हेच सगळं मांडलं. एका देणगीतून दोन नव्या रायफली घ्यायच्या असं आधी ठरलेलं. मी म्हटलं एकच घेऊ, आणि उरलेल्या पैशांतून जुन्या रायफलींना सरकत्या बट प्लेट, चीक पीस, साइट उंच करणारे रायझर घेऊ, आणि वेगवेगळ्या उंचीचे ठोकळे इथेच करून घेऊ. म्हणजे दाराशी थांबलेली लहान पोरंही आज असलेल्या रायफलींवर नीट उभी राहतील. दोघांनी कडाडून विरोध केला. त्यातल्या एकांचं म्हणणं असं की नव्या रायफलसोबत देणगीदाराचा फोटो काढता येतो, पेपरात देता येतो, पुढच्या वर्षी पुन्हा मागायला जाता येतं. हे मला खोडता आलं नाही. शेवटी एका मताने माझा ठराव झाला खरा, पण सागवानी ठोकळ्यांचं उद्घाटन करायला कोण पाहुणा येणार, याचं उत्तर अजून समितीला सापडलेलं नाही.